गळ्यातला पट्टा आणि गल्लीतला वाघ

‘आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो,’ असे आपण माणसांना उद्देशून म्हणतो, आणि म्हणताना बिचाऱ्या कुत्र्याला विसरून जातो. पण ज्याने घरी कुत्रा पाळला आहे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवून आणण्याचे व्रत घेतले आहे, त्याला ही म्हण शब्दशः भेटते. आपला मोत्या ऐटीत शेपूट उभारून निघावा, दोन गल्ल्या ओलांडून तिसरीच्या तोंडाशी यावा, आणि पानवाल्याच्या फळीखालून एक, उभ्या मोटारीखालून दुसरा, कचऱ्याच्या पेटीआडून तिसरा असे वाघ एकामागून एक उठावेत! साखळी आखडायची की सैल सोडायची, काठी उगारायची की पाय मागे घ्यायचा, हे त्या चार क्षणांत ठरवायचे असते. तिथे विचार करायला सवड नसते. ती घरी परत आल्यावर, कुत्र्याच्या कानाला हळद लावताना मिळते.

अशा हळद लावण्याच्या प्रसंगांतूनच मला या विषयाच्या इतिहासाचा नाद लागला. कुत्र्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्यांत धन्यासाठी प्राण पणाला लावणारे कुत्रे असतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. (पालखीतून फिरणाऱ्या कुत्र्याला गल्लीतल्या कुत्र्यांची भीती नाही, हा लाभ कोणी ध्यानात घेत नाही.) कुत्र्याने माणसाला कसे वाचवले हे सारेच सांगतात. माणसाने आपल्या कुत्र्याला दुसऱ्या जनावरांच्या दातांपासून कसे वाचवले, हे सांगणारा क्वचित भेटतो.

मला भेटलेला असा सर्वांत जुना माणूस रोमन आहे. मार्कुस टेरेन्शियस व्हॅरो हा रोमचा मोठा पंडित. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इ. स. पू. ३७च्या सुमारास, त्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग त्याने आपल्या बायकोला उद्देशून लिहिला, कारण बाईंनी जमीन विकत घेतली होती आणि ती कसायची कशी हे त्यांना हवे होते. दुसऱ्या भागात गुरेढोरे आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ कुत्रे. म्हातारा मोठा व्यवहारी आहे. धनगरी कुत्रा खाटकाकडून घेऊ नये, तो कळपामागे धावायला आळशी असतो. शिकाऱ्याकडूनही घेऊ नये, तो ससा दिसला की मेंढ्या सोडून पळतो, असे तो सांगतो. आणि मग येतो पट्टा. जाड चामड्याचा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घालावा. त्यातून डोकी असलेले खिळे टोके बाहेर काढून ठोकावेत. आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली, म्हणजे मानेच्या बाजूला, मऊ चामडे शिवावे, म्हणजे लोखंड कुत्र्यालाच टोचणार नाही. जनावर पहिली झेप घेते ती मानेवर, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. या पट्ट्याला लॅटिनमध्ये नावही होते, ‘मेलियुम’.

पण मला या उताऱ्यातले खिळे तितकेसे महत्त्वाचे वाटत नाहीत. व्हॅरो पुढे एक वाक्य सहज लिहून जातो. लांडग्याला असा पट्टा एकदा बोचला की, ज्या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नाही तीही सुरक्षित होतात, असा त्याचा आशय आहे. एकाच्या गळ्यातले लोखंड दुसऱ्याच्या उघड्या मानेचेही रक्षण करते! दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्यात केवढा अर्थ भरला आहे, हे जगाला कळायला मधली बरीच शतके जावी लागली. त्याकडे आपण यथावकाश येऊच.

हा पट्टा रोमबरोबर बुडाला नाही. आपल्याकडे हिमालयातले गद्दी आणि भोटिया मेंढपाळ आजही आपल्या झुलपी कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण तिथला बिबट्या नेमकी मानच धरतो. स्पेनच्या धनगरांकडे तो आहे, तुर्कस्तानात आहे. या सर्वांनी व्हॅरो वाचला असेल असे नाही. माने-दातांचे गणित सगळीकडे सारखेच. मात्र पट्ट्याची दुसरी बाजूही रोमनांनीच आपल्यासाठी जपून ठेवली आहे. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा पाँपेई शहरात एका घराच्या दारापाशी एक कुत्रा बांधलेला होता. राखेत त्याच्या देहाची पोकळी उरली. तिच्यात प्लास्टर ओतून काढलेली आकृती आज पाहायला मिळते: चारी पाय आकाशाकडे, देह पिळवटलेला, आणि गळ्यात पट्टा तसाच. मोकाट कुत्रे त्या दिवशी कुठे ना कुठे पळाले असतील.

आता स्वदेशी येऊ. आपल्या पूर्वजांनी कुत्र्याच्या गळ्यात खिळे ठोकण्याचे शास्त्र लिहून ठेवले नसेल, परंतु कुत्री भांडतात कशी हे मात्र त्यांनी इतके बारकाईने पाहिले होते की, मी थक्क झालो. महाभारताच्या उद्योगपर्वात, कृष्ण शिष्टाईला निघण्यापूर्वी युधिष्ठिर त्याच्याशी युद्धाविषयी बोलतो. त्याला युद्ध नको आहे. राजे राज्यासाठी भांडतात ते कसे, तर मांसाच्या तुकड्यासाठी कुत्री भांडतात तसे, असे म्हणून तो कुत्र्यांच्या भांडणाच्या पायऱ्याच मोजून दाखवतो. आधी शेपटी हलते. मग गुरगुर. त्या गुरगुरीला समोरून उत्तर. मग एकमेकांभोवती फेर धरणे. मग दात दाखवणे, मग भुंकणे, आणि त्यानंतर लढाई. शेवटी जो बलवान, तो मांस खातो. माणसांचेही असेच, काही फरक नाही, असे धर्मराजाचे मत.

टीकाकार या ठिकाणी राजनीतीकडे वळतात. मी कुत्र्याचा मालक म्हणून पहिल्या पायरीपाशीच थांबलो. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश आहे, असे आपण पोरांना सांगतो. युधिष्ठिराला ते मान्य नाही. त्याच्या मते लढाईचा आरंभच शेपटीने होतो, आणि तो बरोबर आहे. सैल कमरेसकट हलणारी शेपटी निराळी, आणि ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी निराळी. दुसरी दिसली की अजून पाच पायऱ्या शिल्लक असतात. माणसाला जे काही करता येते ते तिथेच. भुंकणे सुरू झाल्यावर कोणाचेच काही चालत नाही.

यात आणखी एक गोम आहे. मोकळी दोन कुत्री भेटली तर ती सरळ नाकासमोर येत नाहीत. वळसा घेऊन, बाजूने, एकमेकांचा वास घेत भेटतात. युधिष्ठिराने सांगितलेला तो फेर पुष्कळदा लढाई टाळण्याचाच एक उपाय असतो. साखळीतल्या कुत्र्याला हा फेर धरता येत नाही. वर धनी घाबरून साखळी खेचतो, त्यामुळे त्याची मान वर होते, छाती पुढे निघते, पुढचे पाय जमिनीवरून उचलले जातात. बिचारा भीतीने उभा असतो, आणि समोरच्या वाघाला तो दंड थोपटून उभा आहे असे दिसते. आपण ज्याला वाचवायला साखळी आखडली, त्याच्याच वतीने आपण आव्हान दिलेले असते. उद्योगपर्वात कृष्णापुढे असा साखळीचा प्रश्न नव्हता. दोन्ही बाजू मोकाटच होत्या.

‘मोकाट’ हा शब्द मी वापरला खरा, पण तो मला पुरता पटत नाही. आपल्या खेड्यातले कुत्रे कोणाच्या मालकीचे नसेल. म्हणून ते बेवारशी असते असे नाही. वैश्वदेवानंतरच्या बलीत यमाच्या दोन कुत्र्यांचा, श्याम आणि शबल यांचा वाटा काढलेला असे. शिळी भाकरी कुत्र्याला टाकणे हे टाकून देणे नव्हते, देणे होते. नामदेवांची ती गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते: कुत्रे कोरडी भाकरी पळवते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. ते कुत्रे कोणाचे होते, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. ते गावाचे होते. अमक्या आळीचे, तमक्या वेशीचे. चोरावर भुंकायचे आणि उष्ट्यावर जगायचे, असा त्याचा गावाशी न लिहिलेला करार होता. त्या करारातले एक कलम असेही होते की, परके कुत्रे वेशीच्या आत येऊ द्यायचे नाही.

म्हणून आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत आधी भेडसावला असेल तो धनगरांना. आठ महिने रानोमाळ फिरायचे, म्हणजे रोज नवे गाव, नवी शीव, नवी कुत्री. जेजुरीच्या वाटेवर एकदा मेंढरांचा तळ पडला होता, तिथल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारले, “बाबा, गावातून जाताना तुमच्या कुत्र्यांना गावची कुत्री फाडत नाहीत का?” तो हसला आणि म्हणाला, “फाडत्यात की. पर कुत्रं मेंढरांच्या मधी हाय तवर कोन फाडतंय? गाव आलं की आमी त्येला मधी घेतो. येकटं मागं राहिलं, की मग गेलं.” माझ्या मनात आले, खिळ्यांचा पट्टा न घालता हा माणूस शंभर मेंढरांचा पट्टा घालतो.

आता इंग्रजांकडे वळू, कारण पाळीव कुत्रा आणि रस्त्यावरचा कुत्रा यांच्यात रेघ ओढली ती मुख्यतः त्यांनी. साहेबाचे कुत्रे विलायतेहून बोटीने यायचे. त्याला फिरवायला निराळा नोकर असायचा, त्याचे नाव ‘डोरिया’. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा शब्द आहे, आणि त्याची उत्पत्ती ‘डोर’ म्हणजे दोरी अशी दिली आहे. ज्याच्या हाती दोरी तो डोरिया. कुत्र्याला मोठे नाव आणि त्याला सांभाळणाऱ्याला नुसते दोरीचे! आणि बाकी सारी कुत्री, जी दोरीला नव्हती, त्यांना साहेबाने ‘परिया डॉग’ म्हटले. पुढे त्याचेच ‘पाय-डॉग’ झाले. तमिळ देशातल्या एका दलित जातीचे नाव उचलून रस्त्यावरच्या कुत्र्यांना लावताना त्या कोणाला काही वाटले नाही, आणि आपल्या इंग्रजी शिकलेल्यांनीही तो शब्द पुष्कळ वर्षे बिनदिक्कत वापरला.

ही रेघ एकदा ओढली की पुढचा विचार ओघाने येतो. दोरीतल्या कुत्र्याला आणि त्याच्या धन्याला दोरीबाहेरच्या कुत्र्यापासून भय आहे ना? मग दोरीबाहेरचे मारून टाका. विशेषतः पिसाळण्याची भीती उन्हाळ्यात फार, अशी त्या काळची समजूत होती. मुंबईत कंपनी सरकारने १८१३ सालीच वर्षाच्या ठरावीक दिवसांत रस्त्यावरची कुत्री मारण्याचा नियम केला. १८३२ साली ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेण्यात आली. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. त्या काळी आठ आणे ही काही थट्टा नव्हती.

बक्षीस डोक्यागणती असले म्हणजे काय होते ते कोणत्याही कारकुनाला विचारावे. रस्त्यावरची कुत्री चपळ, पळून जाणारी. घराच्या ओट्यावर, अंगणात पडलेली कुत्री सुस्त आणि विश्वासू. मारेकऱ्यांनी घरांत शिरून पाळलेली कुत्री ओढून न्यायला सुरुवात केली. ज्या पाळीव जिवांच्या रक्षणाच्या नावाने हा खटाटोप, त्यांचाच बळी आधी जाऊ लागला. त्यात ६ जून हा पारशी मंडळींचा पवित्र दिवस उजाडला. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान किती मोठे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्या वेंदिदाद या ग्रंथात कुत्र्याला मारणाऱ्याला, इतकेच काय, वाईट अन्न घालणाऱ्यालाही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि माणूस मेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याचे दर्शन घडवण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. अशा समाजाच्या दाराशी, अशा दिवशी, कुत्री मारली गेली.

कोटातल्या रस्त्यावर सुमारे दोनशे पारशांनी कुत्री मारणाऱ्या दोन शिपायांना गाठून चोपले. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही हरताळात सामील झाले. पाव, पाणी असा रोजचा माल लष्कराकडे आणि साहेब लोकांकडे जायचा, तो अडवण्यात आला. गाड्यांवर दगड आणि घाण पडली. शेवटी दंग्याचा कायदा वाचून पलटण उतरवावी लागली, धरपकड झाली. मुंबईच्या इतिहासात याला ‘श्वानदंगल’ म्हणतात. शांत, राजनिष्ठ म्हणून नावाजलेला पारशी समाज सरकारवर उठला तो कुत्र्यांसाठी, याचे इंग्रजांना मोठे नवल वाटले. मला त्यात नवल वाटत नाही. सरकार आपल्या उंबऱ्याच्या आत हात घालते आहे, हे माणसाला कर वाढला म्हणजे कळते त्यापेक्षा ओट्यावरचा कुत्रा नेला म्हणजे जास्त लवकर कळते.

दंगल मिटली, पण त्या प्रकरणाने एक संस्था मागे ठेवली. सर जमशेटजी जीजीभॉय (‘सर’ ते १८४२ साली झाले, त्या वेळी नुसते शेट होते) आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने १८३४च्या ऑक्टोबरात मुंबईची पांजरापोळ निघाली. आज आपण पांजरापोळ म्हटले की गाई-बैल डोळ्यांपुढे आणतो. पण तिच्या जन्माचे कारण रस्त्यावरची मारली जाणारी कुत्री हे होते. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा बसवून घेतला. मारू नका, आम्ही पोसतो, असे हे उत्तर होते. ते पुरे पडले का? नाही. एवढ्या शहराची कुत्री एका भिंतीच्या आत मावणार कशी? पण निदान कोणीतरी आठ आण्यांपेक्षा निराळा विचार केला.

विलायतेत हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सुटला. तिथे सरकारने सर्वच कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधायला लावली. १८९७पासून वॉल्टर लाँग नावाच्या मंत्र्याने हा हुकूम कडकपणे चालवला, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अडकवून ठेवण्याचा नियम केला, आणि कुत्रेवाल्या बायाबापड्यांच्या शिव्या खाल्ल्या. १९०२ साली ब्रिटनमध्ये पिसाळरोग नाहीसा झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो पुन्हा शिरला, तेव्हा १९२२पर्यंत पुन्हा हाकलला. बेट असल्याचा हा फायदा. आपल्या देशाला असे समुद्राचे कुंपण चारी बाजूंनी नाही आणि आपल्या कुत्र्यांना तोंडाला जाळी बांधून घेण्याइतके कोणाचेच ऐकायची सवय नाही.

मुंबईत मारण्याचे काम त्यानंतरही चालूच राहिले. थोडीथोडकी नव्हे, १९९४ सालापर्यंत. महापालिकेची गाडी यायची, फासे टाकले जायचे, आणि विजेचा धक्का देऊन कुत्री मारली जायची. ज्यांच्या गळ्यात पालिकेचा बिल्ला ती वाचायची, म्हणून आमच्या लहानपणी बिल्ला हेच कुत्र्याचे कवचकुंडल होते. १८१३ ते १९९४ म्हणजे एकशे एक्याऐंशी वर्षे झाली. इतक्या वर्षांत कुत्री संपली का? संपली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. गल्लीत जोवर उकिरडा आहे आणि निवारा आहे, तोवर एक कुत्रा गेला की त्याची जागा शेजारच्या गल्लीतला दुसरा घेतो. जुन्या कुत्र्यांचे आपसांतले हद्दीचे ठराव मोडतात, नवे ठरेपर्यंत रोज मारामाऱ्या होतात. म्हणजे गाडी येऊन गेल्यावर महिनाभर आपला मोत्या उलट जास्त धोक्यात! जुना वाघ त्याला निदान ओळखत तरी होता.

यातून वाट काढली ती व्हॅरोच्या त्या वाक्याने, असे मी म्हणेन. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी अल्सेसमधल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळरोगाची लस टोचली, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्याआधी त्याने पन्नास कुत्र्यांना या रोगापासून निर्भय केले होते, हे नसते. लस आधी कुत्र्यांची, मग माणसांची. पण व्यवहारात उलटे झाले. आपल्याकडे कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था निघाल्या, डेव्हिड सेंपलने कसौलीत आपल्या नावाची लस तयार केली, आणि पुढच्या तीन-चार पिढ्यांनी कुत्रे चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घेतली. ती लस २००४-०५च्या सुमारास बंद झाली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या पोटाला तिची आठवण आहे. माणूस चावून घ्यायचा आणि मग टोचून घ्यायचा. चावणाऱ्याला मात्र कोणी टोचत नव्हते.

जपानने ते केले. उमेनो आणि दोई या दोन शास्त्रज्ञांनी १९२१ साली कुत्र्यांसाठी एकदाच टोचायची लस पुढे आणली, आणि कुत्र्यांनाच घाऊक टोचायला तिथे आरंभ झाला. १९५० साली कायदा करून नोंदणी आणि टोचणी सक्तीची केली (मोकाट कुत्री धरूनही नेली, हे सांगायला हवे), आणि १९५७ नंतर त्या देशात हा रोग उरला नाही. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली की उरलेल्या तिसांपर्यंत रोग पोचत नाही, हा हिशेब आता सर्वमान्य आहे. खिळ्यांचा पट्टा काहींच्या गळ्यात, आणि उघड्या मानेची कुत्रीही सुरक्षित; तेच गणित.

आणि हे फक्त बेटांवर जमते असेही नाही. आपल्या शेजारी गोव्यात २०१३पासून ही मोहीम सुरू झाली. माणसे जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, पाळीव आणि रस्त्यावरची अशा दोन्ही कुत्र्यांना वर्षाला हजारोंनी टोचले, टोचलेल्याच्या अंगावर ओळखीसाठी रंग लावला. २०१९पर्यंत गोव्यात या रोगाने मरणाऱ्या माणसांची संख्या शून्यावर आली आणि कुत्र्यांतला रोग ९२ टक्क्यांनी उतरला. गोव्याच्या वाड्यांवर आजही कुत्री हिंडतात, भुंकतात, कोपऱ्यावरून दुचाकीमागे धावतात. दात आहेत, विष उतरले आहे.

आपल्या देशात २००१च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लस, आणि पुन्हा जिथून धरले तिथेच सोडणे, असा मार्ग ठरला. २०२३ साली नवे नियम आले. ‘तिथेच सोडणे’ यावर लोकांचा सर्वांत जास्त राग. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची कुत्री उचलून कायमची आसऱ्यात ठेवायला आधी सांगितले आणि अकरा दिवसांनी तो हुकूम बदलून, पिसाळलेली वा आक्रमक सोडून बाकीची लस टोचून परत सोडायला सांगितले. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, स्थानके यांच्या आवारातली मात्र हलवायला सांगितली. या वादात दोन्ही बाजूंची माणसे माझ्या ओळखीची आहेत, आणि दोन्हीकडची रागावलेली आहेत. ज्याचे मूल चावले गेले त्याला भूतदयेवर व्याख्यान देणाऱ्यांत मी नाही. पण ‘तिथेच सोडणे’ यातले मर्म मला माझ्या मोत्याने शिकवले.

आमच्या घरापासून बागेपर्यंत तीन गल्ल्या लागतात. पहिलीत एक तपकिरी कुत्री आणि तिचे दोन मोठे मुलगे, दुसरीत एक लंगडा काळा, तिसरीत पाच जणांचे मंडळ. वर्षभर त्यांच्याशी दिवसातून दोनदा गाठ पडल्यावर माझ्या ध्यानात आले की, यातल्या प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. विजेच्या अमुक खांबापुढे लंगडा कधी येत नाही. मारामारी होते ती दोनच वेळी. एक, भाद्रपद-आश्विनात, ज्याचे कारण सणाच्या अंकात विस्ताराने सांगायला नको. आणि दुसरे, कोणी नवे कुत्रे आणून सोडले म्हणजे. ज्या वर्षी आमच्या भागातल्या कुत्र्यांची नसबंदी झाली आणि ती कानाचा कोपरा कापून परत आली, त्यानंतरचा भाद्रपद कसा गेला हे मला कळलेही नाही. कापलेला कान दुरून दिसतो. मी तो दिसला की निर्धास्त चालतो, दिसला नाही की रस्ता बदलतो.

बाकी हत्यारे साधीच. काठी असावी, पण उगारण्यासाठी नव्हे. आपल्या आणि समोरच्याच्या मध्ये आडवी धरण्यासाठी. छत्री त्याहून उत्तम, ऐन वेळी फाडकन उघडली की वाघ दोन पावले मागे जातो. साखळी आखडू नये, आणि धावू तर मुळीच नये. वळसा घेऊन, बाजूने, मोकळी कुत्री चालतात तसे चालावे. लहान कुत्रे भीतीने उचलून खांद्यावर घेणाऱ्यांच्या अंगावर मी वाघ चढलेले पाहिले आहेत. जुंपलीच, तर तोंडांच्या मध्ये हात कधीही घालू नये, पाणी ओतावे. चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, आणि मग हळद नव्हे, डॉक्टर. कुत्र्यालाही आणि माणसालाही. आणि आपल्या कुत्र्याची वर्षाची लस चुकवू नये.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील. या चार दिवसांत वाघांच्या हद्दी मोडतात. आवाजाने बावरलेली कुत्री आपली गल्ली सोडून कुठल्या कुठे जातात, दुसऱ्यांच्या हद्दीत सापडतात, आणि एरवी खांबापाशी थांबणारा लंगडा तुम्हाला बागेच्या दारात भेटतो. तेव्हा या दिवसांत फिरायला जायचे ते भर दुपारी, शांत वेळी. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर आपला पत्ता घातलेला असावा, आणि साखळी हातातून सुटणार नाही इतपत मनगटाला गुंडाळलेली. नेपाळात नरकचतुर्दशीलाच कुत्र्यांची पूजा करतात. घरच्या आणि रस्त्यावरच्याही कुत्र्यांना कपाळी टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. आमच्या लंगड्याला माळ घालण्याचे धाडस माझ्या धाकट्या नातीने गेल्या वर्षी बोलून दाखवले होते. तिच्या आजीने तिला आधी त्याची शेपटी पाहून यायला सांगितले आहे.